प्रकाश औषध केव्हा होतो?

घर मराठी असो वा कानडी, बाळंतिणीच्या खोलीतील एक रीत सगळीकडे सारखीच आढळते. तेल लावून, न्हाऊ घालून झाले की बाळाला घटकाभर कोवळे ऊन दाखवायचे. गुडघे धरलेले आजोबा थंडीत अंगणात पाठ शेकत बसतात. गाद्या-उशांना ऊन दिले जाते, लोणच्याच्या बरणीलाही दिले जाते. उन्हात काही गुण आहे ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की तिचा पुरावा मागावा असे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

याच समजुतीच्या पायावर आज एक मोठा बाजार उभा आहे. निळ्या, तांबड्या, हिरव्या बाटल्यांत उन्हात ठेवलेले पाणी, रंगीत काचांच्या पेट्या, चेहऱ्यावर लावावयाचे लाल दिव्यांचे मुखवटे अशा अनेक वस्तू मधुमेह, दमा, संधिवात, निद्रानाश, केस गळणे या सर्वांवर उपाय म्हणून विकल्या जातात. आणि त्याच वेळी एखाद्या मोठ्या रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षात डोकावले तर डोळ्यांवर पट्टी बांधलेली, पिवळी पडलेली बाळे निळ्या दिव्याखाली ठेवलेली दिसतात आणि दोन-चार दिवसांत बरी होऊन आईच्या कुशीत जातात.

दोन्हीकडे शब्द एकच वापरला जातो : प्रकाशचिकित्सा. साहजिकच सामान्य माणूस म्हणतो, "डॉक्टरसुद्धा दिवा लावतातच ना? मग बाटलीतल्या पाण्यानेच काय बिघडले?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देता आले नाही तर शास्त्र शिकून आपण काय मिळवले, असे कुणीही विचारू शकेल. प्रस्तुत लेखात त्या उत्तराचा शोध घेण्याचा प्रयत्न आहे.

मूळ नियम

प्रकाशरसायनशास्त्राचा पहिला नियम अत्यंत साधा आहे. १८१७ साली ग्रोटुस याने आणि पुढे स्वतंत्रपणे ड्रेपर याने तो मांडला. पदार्थाने जो प्रकाश शोषला असेल तोच त्या पदार्थात रासायनिक बदल घडवू शकतो. जो प्रकाश आरपार गेला किंवा परावर्तित झाला, त्याचा रासायनिक परिणाम शून्य.

या एका नियमातून पुष्कळ गोष्टी निघतात. प्रकाशाने रोग बरा होतो असे म्हणायचे तर शरीरात असा एखादा रेणू दाखवता आला पाहिजे की जो तो प्रकाश शोषतो. शोषल्यावर त्याचे काय होते हे सांगता आले पाहिजे. आणि तो रेणू जेथे आहे तेथवर तो प्रकाश पोहोचतो हेही दाखवता आले पाहिजे.

डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. त्याच्या अलीकडे जंबुपार किरण आहेत. त्यांचे तीन गट पाडतात : ३१५ ते ४०० पर्यंतचे 'अ', २८० ते ३१५ पर्यंतचे 'ब' आणि त्याखालचे 'क'. तरंगलांबी जितकी कमी तितकी प्रत्येक प्रकाशकणाची ऊर्जा अधिक. सूर्याचे 'क' किरण वातावरणातच अडतात. 'ब' किरण थोडेसे जमिनीवर येतात आणि साध्या खिडकीच्या काचेतून जवळजवळ जातच नाहीत. 'अ' किरण बरेच येतात आणि काचेतूनही पुष्कळसे जातात. तेव्हा 'ऊन' या एका शब्दाखाली निरनिराळ्या गुणांचे अनेक किरण एकत्र आलेले असतात. उन्हाचा गुण विचारणे म्हणजे औषधांच्या दुकानाचा गुण विचारण्यासारखे आहे. कोणती बाटली, किती थेंब आणि कशासाठी, हे आधी ठरले पाहिजे.

एक शास्त्रज्ञ, दोन कल्पना

१८७७ साली इंग्लंडमध्ये डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी एक सुबक प्रयोग केला. जंतू वाढू शकतील असा द्राव परीक्षानळ्यांत भरून काही नळ्या उन्हात उघड्या ठेवल्या, काहींना शिशाच्या पत्र्याने झाकले. झाकलेल्या नळ्यांतील द्राव जंतूंच्या वाढीने गढूळ झाला. उन्हातल्या नळ्यांत मात्र ही वाढ थोपली. ऊब दोन्हीकडे होती, पण प्रकाश एकीकडेच होता. पुढे वर्णपटाच्या निळ्या-जांभळ्या टोकाकडील किरण यात अधिक प्रभावी असल्याचेही त्यांना आढळले.

या पायावर खरी इमारत उभारली ती निल्स फिन्सेन यांनी. १८६० साली फॅरो बेटांवर जन्मलेला हा डॉक्टर ऐन तारुण्यापासून दुर्धर आजाराने ग्रासलेला होता. त्या काळी युरोपात त्वचेचा क्षय पुष्कळ आढळे. नाक, गाल, ओठ झिजवून माणसाचा चेहरा विद्रूप करणारा हा रोग. असे रोगी समाजातून उठल्यासारखे होत. १८९५ साली फिन्सेन यांनी कोपनहेगनमध्ये कार्बन आर्क दिव्याचा प्रखर प्रकाश अशा एका रोग्यावर वापरला व त्याला गुण आला. दुसऱ्याच वर्षी त्यांची संस्था सुरू झाली.

त्यांची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रकाशातील उष्णतेने कातडी भाजू नये म्हणून त्यांनी तो पाण्यातून गाळून घेतला. भिंगे काचेऐवजी क्वार्ट्झची घेतली. रक्त प्रकाश शोषून घेते व तो आत जाऊ देत नाही, हे जाणून रोगट जागेवर पारदर्शक चकती दाबून तेथील रक्त बाजूला सारण्याची युक्ती काढली. एकेका जागेवर रोज तासाहून अधिक वेळ, असे महिनोन्‌महिने उपचार चालत. १९०३ साली त्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला.

फिन्सेन यांना वाटे की जंतू मारतात ते जंबुपार किरण. २००५ साली डेन्मार्कमधील संशोधकांनी त्यांची जपून ठेवलेली उपकरणे तपासली तेव्हा दिसले की त्या रचनेतून ३४० नॅनोमीटरच्या खालचे किरण पलीकडे जातच नव्हते. बहुधा क्षयाच्या जंतूंमधील पॉर्फिरिन नावाची द्रव्ये निळा-जांभळा प्रकाश शोषून एक अतिक्रियाशील प्राणवायू निर्माण करीत आणि जंतू स्वतःच्याच द्रव्यामुळे मरत. म्हणजे उपचार खरा होता, पण कारण वेगळे होते.

याच फिन्सेन यांची दुसरी एक कल्पना होती. देवीच्या रोग्याला तांबड्या प्रकाशाच्या खोलीत ठेवले तर इतर किरण टळून व्रण कमी पडतील, असे त्यांनी १८९३ मध्ये मांडले. देवीच्या रोग्याला तांबड्या कापडात गुंडाळण्याची चाल युरोपात मध्ययुगापासून होतीच. सुरुवातीला उत्साहवर्धक बातम्या आल्या, पण इतर डॉक्टरांनी करून पाहिल्यावर तो गुण टिकला नाही आणि ती पद्धत मागे पडली.

माणूस तोच, बुद्धी तीच, प्रामाणिकपणाही तोच. एक कल्पना कसोटीला उतरली, दुसरी उतरली नाही. म्हणून शास्त्रात कोण म्हणाले यापेक्षा तपासल्यावर काय दिसले याला महत्त्व असते.

मुडदूस आणि दुसरा हात

युरोपातील कारखान्यांच्या धुरकट शहरांत मुलांची हाडे मऊ होऊन पाय धनुष्यासारखे वाकत. हाच मुडदूस. १८९० मध्ये जपानात राहून आलेल्या पाम नावाच्या डॉक्टरने निरनिराळ्या देशांतील माहिती जमवून मुडदुसाचा संबंध उन्हाच्या अभावाशी जोडला. पण संबंध दिसणे आणि कारण सिद्ध होणे यांत अंतर असते.

ते अंतर बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली कापले. पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीच्या दिवसांत त्यांनी मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या बाष्पाच्या क्वार्ट्झ दिव्याखाली ठेवले आणि क्ष-किरण छायाचित्रांनी हाडांत होणारी सुधारणा नोंदली. पुढे त्यांनी फक्त एका हातावर प्रकाश टाकला. छायाचित्रात दुसऱ्या हाताचे हाडही सुधारलेले दिसले! याचा अर्थ उघड होता. प्रकाश हाडावर थेट काम करीत नाही. त्वचेत काहीतरी तयार होते आणि ते रक्तातून सर्व शरीरात जाते. ते 'काहीतरी' म्हणजे 'ड' जीवनसत्त्व. त्वचेतील कोलेस्टेरॉलच्या जातीचे एक द्रव्य 'ब' गटातील जंबुपार किरण शोषते आणि त्याचे या जीवनसत्त्वात रूपांतर सुरू होते. या द्रव्यांच्या रसायनशास्त्राबद्दल विंडाउस यांना १९२८ चे नोबेल मिळाले.

आता आपल्या कोवळ्या उन्हाकडे वळू. सूर्य क्षितिजाजवळ असताना किरणांना वातावरणाचा जाड थर तिरपा ओलांडावा लागतो आणि 'ब' किरण वाटेतच जिरतात. म्हणून अगदी सकाळचे ऊन सुखद असले तरी 'ड' जीवनसत्त्वाच्या दृष्टीने कमकुवत असते. याची एक सोपी खूण आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडू लागली की हे किरण पुरेसे येऊ लागतात. सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा अधिक वेळ लागतो, कारण त्वचेतील रंगद्रव्य ते किरण आधीच शोषते. बंद काचेच्या खिडकीशी बसून हा लाभ मिळत नाही. घरात व कचेरीत जाणारा दिवस, अंगभर कपडे आणि हवेतील धूळ-धूर यांमुळे भरपूर उन्हाच्या आपल्या देशातही शहरी लोकांत या जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. तान्ह्या बाळाची कातडी नाजूक असते, तिला दुपारचे ऊन देऊन चालत नाही. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पहिले वर्षभर रोज ४०० एककांच्या थेंबांची शिफारस करते. उन्हाचा गुण येथे थेंबांतून मिळतो, आणि मात्रा मोजता येते.

सूर्यस्नानाचे युग

१९०३ पासून स्वित्झर्लंडमधील लेझाँ या डोंगरी गावी डॉक्टर रोलिए यांनी हाडांच्या व सांध्यांच्या क्षयासाठी सूर्यस्नानाची रुग्णालये चालवली. पहिल्या दिवशी केवळ पावलांना पाच मिनिटे, मग दिवसागणिक वर वर सरकत सर्वांगाला, असा त्यांचा काटेकोर क्रम होता. ही लाट हिंदुस्थानापर्यंत आली. फ्रेंच डॉक्टर सैदमाँ यांनी फ्रान्समध्ये सूर्याबरोबर फिरणारी सूर्यगृहाची इमारत उभारली होती. तशीच इमारत जामनगरला त्या संस्थानाच्या आश्रयाने १९३३ च्या सुमारास झाली.

रोलिए यांच्या रोग्यांना गुण येत असे, परंतु तो उन्हाचा किती? त्यांना उन्हाबरोबर विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवाही मिळत होती. चार गोष्टी एकदम दिल्या तर श्रेय कोणाचे, हे ठरवता येत नाही. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षयाविरुद्ध खात्रीचे औषध हाती आल्यावर सूर्यस्नानाची रुग्णालये ओस पडली. चांगला उपाय मिळताच आवडीचा उपाय सोडून देता येणे, हेही शास्त्राचेच लक्षण होय.

काविळीची बाळे

प्रकाशचिकित्सेचे सर्वांत निर्विवाद यश एका परिचारिकेच्या निरीक्षणातून आले आहे. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्डच्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांची देखभाल करीत. मोकळ्या हवेवर त्यांचा विश्वास होता. १९५६ च्या उन्हाळ्यात त्या बाळांना अंगणात घेऊन जात. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. अंग फिकट झाले होते, पण एक तुकडा तेवढा गडद पिवळा होता. तो भाग चादरीच्या कोपऱ्याखाली झाकला गेला होता! पुढे त्याच रुग्णालयात उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यात बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भरले. या दोन धाग्यांवरून क्रेमर व त्यांचे सहकारी यांनी प्रयोग केले आणि १९५८ साली ते प्रसिद्ध झाले. १९६८ मध्ये ल्युसी यांच्या अमेरिकेतील अभ्यासानंतर ही पद्धत जगभर रूढ झाली.

यामागचे रसायनशास्त्र सुरेख आहे. जुन्या रक्तपेशी फुटल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बनते. ते पाण्यात विरघळत नाही. यकृत त्याला विरघळण्याजोगे करते व मग ते बाहेर पडते. नवजात बाळाचे यकृत या कामाला अजून सरावलेले नसते. पिवळे द्रव्य निळा प्रकाश शोषते, हे वर्णपटाचे पहिले पाठ शिकलेल्या विद्यार्थ्यालाही सांगता येईल. ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषल्याबरोबर बिलिरुबिनच्या रेणूची घडण बदलते. बदललेला रेणू पाण्यात विरघळतो आणि यकृताची वाट न पाहता पित्तातून व लघवीतून निघून जातो.

येथे मूळ नियमाच्या सगळ्या अटी पुऱ्या झालेल्या दिसतात. शोषणारा रेणू माहीत आहे. तो त्वचेतच आहे, त्यामुळे प्रकाश तेथे पोहोचतो. बदल काय होतो ते ठाऊक आहे. आणि परिणाम रक्त तपासून दर काही तासांनी मोजता येतो. दिव्याचीही मोजणी होते. जोरदार उपचारासाठी दर चौरस सेंटीमीटरला दर नॅनोमीटरमागे निदान ३० मायक्रोवॅट प्रकाश लागतो. नुसता निळा दिसणारा दिवा त्यासाठी पुरत नाही.

मग या बाळांना घरीच ऊन का दाखवू नये? कारण हा खेळ वेळेशी आहे. बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत शिरते आणि झालेली इजा कायमची असते. बहिरेपणा, हातापायांवरचा ताबा जाणे, प्रसंगी मृत्यूही. उन्हाची मात्रा ढगागणिक बदलते. उघड्या बाळाला ऊन लागते, अंगातले पाणी कमी होते, थंडीत बाळ गारठते. आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे 'ऊन देतोय ना' या समाधानात दोन दिवस निघून जातात. जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांत बाळ पिवळे दिसले, किंवा पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला, किंवा बाळ अंगावर पिईनासे होऊन सुस्त पडू लागले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठले पाहिजे. नायजेरियात उन्हातील जंबुपार व उष्ण किरण गाळणाऱ्या पडद्याखाली बाळे ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला आणि त्या पद्धतीने गुण आला. पण तेथेही परिचारिका हजर होत्या, प्रकाश मोजला जात होता, अंगाचा ताप पाहिला जात होता. म्हणजे ऊन तेच होते, त्याला शिस्त लावली होती.

बावची, कोड आणि सोरायसिस

कोडाला आपल्याकडे नसता कलंक लागलेला आहे. कोड संसर्गजन्य नाही, त्याने कोणतेही इंद्रिय निकामी होत नाही. तरीही मुलीच्या गालावर पांढरा डाग उमटला की घरात लग्नाची चिंता शिरते, आणि तिच्या पाठोपाठ खात्रीचा उपाय सांगणारे भोंदूही येतात.

या रोगावर प्रकाशाचा उपाय मात्र खरोखर जुना आहे आणि त्यात आपल्या भूमीचा वाटा आहे. आयुर्वेदात श्वित्रावर बावचीचे बी सांगितले आहे. इजिप्तमध्ये दुसऱ्याच एका वनस्पतीचे बी खाऊन उन्हात बसण्याची चाल होती. १९४० नंतरच्या दशकात कैरोचे डॉक्टर अल मुफ्ती यांनी त्या इजिप्ती वनस्पतीतून काढलेली शुद्ध द्रव्ये रोग्यांवर वापरली. या वर्गातील द्रव्यांना सोरॅलेन म्हणतात. हे नावच बावचीच्या शास्त्रीय नावावरून आलेले आहे. सोरॅलेन 'अ' गटाचे जंबुपार किरण शोषते आणि पेशीतील डीएनएला चिकटते. १९७४ साली अमेरिकेत सोरॅलेन व दिव्याचे 'अ' किरण यांचा जोड उपचार सोरायसिसवर प्रभावी असल्याचे प्रसिद्ध झाले. सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी भराभर वाढतात. त्या वाढीला यामुळे आळा बसतो. आता बहुतेक ठिकाणी औषध न देता केवळ ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे 'ब' किरण देतात. सोरायसिस व कोड दोन्हींत त्यांचा उपयोग होतो.

पण जे डीएनएला चिकटते ते निरुपद्रवी कसे असेल? सोरॅलेनचे दीर्घकाळ उपचार घेतलेल्या रोग्यांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली तेव्हा त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ प्रत्येक वेळची मात्रा वहीत नोंदतात, डोळ्यांना विशेष चष्मा देतात. बावचीचे तेल आपल्या मनाने लावून उन्हात बसलेल्या माणसाला फोड येऊन कातडी भाजते, याचे कारणही हेच. वनस्पती आहे म्हणून अपाय नाही, ही समजूत बावचीच्या बाबतीत तरी खोटी आहे.

मन आणि झोप

उत्तर युरोपात डिसेंबरचा दिवस फार लहान असतो. कोपनहेगनला तो जेमतेम सात तासांचा. तेथे काही लोकांना दर हिवाळ्यात खोल उदासी घेरते आणि वसंतात ती आपोआप ओसरते. १९८४ साली अमेरिकेत रोझेन्थाल व सहकाऱ्यांनी या आजाराचे वर्णन केले आणि प्रखर प्रकाशाने गुण येतो हे दाखवले. आता रूढ असलेली मात्रा म्हणजे सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्सचा प्रकाश. घरातील दिव्याचा प्रकाश शे-दोनशे लक्स असतो, तर भर उन्हात तो लाखाच्या घरात जातो.

येथे शोषक कोण? १९९८ ते २००२ या काळात दृक्पटलातील अशा काही पेशींचा उलगडा झाला, की ज्यांत मेलॅनॉप्सिन हे द्रव्य असते व ज्या मुख्यतः निळसर प्रकाश टिपतात. वस्तू दाखवण्यापेक्षा दिवस की रात्र हे मेंदूतील घड्याळाला कळवणे, हे त्यांचे मुख्य काम. रात्री प्रखर प्रकाश डोळ्यांत गेला तर झोपेचे मेलॅटोनिन हे संप्रेरक घटते.

बेळगावला सर्वांत लहान दिवस अकरा तासांहून थोडा मोठा आणि सर्वांत मोठा तेरा तासांचा असतो. तेव्हा उत्तरेकडचा तो हिवाळी आजार जसाच्या तसा आपल्याकडे आणण्याचे कारण नाही. पण परीक्षेच्या दिवसांत रात्री दोनपर्यंत मोबाईलकडे पाहणाऱ्या आणि सकाळी पडदे ओढून झोपणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या घड्याळाशी काय खेळ मांडला आहे, याचा विचार जरूर करावा. सकाळी उठून मोकळ्यावर फिरून येणे आणि रात्री दिवे मंद करणे, या प्रकाशचिकित्सेला पैसे पडत नाहीत. मात्र उदासी दोन आठवडे हटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर दिव्यावर विसंबून न राहता डॉक्टरांकडे जावे.

रंगीत काचेचा मोह

१८७६ साली अमेरिकेतील प्लेझन्टन नावाच्या सेनाधिकाऱ्याने निळ्या काचेतून आलेल्या उन्हाने द्राक्षे जोमाने वाढतात व रोग बरे होतात असे सांगणारे पुस्तक काढले. ते छापलेही निळ्या कागदावर! लोकांनी घरांना निळ्या काचा बसवल्या. यातील चूक भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने चटकन पकडली पाहिजे. निळी काच निळा प्रकाश निर्माण करीत नाही, ती फक्त इतर रंग अडवते. साध्या काचेतून जितका निळा प्रकाश येतो त्याहून अधिक निळ्या काचेतून येणे शक्यच नाही.

पुढे हाच विचार मुंबईत १८७३ साली जन्मलेल्या दिनशा घडियाली यांनी अमेरिकेत जाऊन वाढवला. १९२० मध्ये त्यांनी 'स्पेक्ट्रो-क्रोम' नावाची पेटी आणली. आत प्रखर दिवा, समोर रंगीत काचा, आणि जवळजवळ प्रत्येक रोगाला एकेक रंग. १९३१ च्या खटल्यात एका नामांकित शल्यविशारद बाईंनी त्यांच्या बाजूने साक्ष दिली व ते सुटले. १९४७ मध्ये मात्र न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. 'बरे झाले' म्हणून गाजवलेल्या रोग्यांपैकी काहीजण त्याच रोगाने दगावले होते, हे सरकार पक्षाने पुढे आणले. रंगीत दिव्यापायी इन्सुलिन सोडणाऱ्या मधुमेह्याचे काय होते, हे सांगायला नको. खरी हानी तेथेच होते. रंगीत प्रकाश बहुधा अपाय करीत नाही. त्याच्या भरवशावर बंद केलेले औषध अपाय करते.

मग लोकांना गुण आल्यासारखे का वाटते? सर्दी, पाठदुखी, पुरळ असे पुष्कळ विकार आपोआप उतरतात. त्रास शिगेला पोहोचला असता माणूस उपाय शोधतो, आणि शिगेनंतर उतार यायचाच असतो. शिवाय कोणी आस्थेने विचारपूस केली की निम्मे दुखणे हलके होते. हे तिन्ही लाभ बाटलीच्या खात्यावर जमा होतात.

बाटलीची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पाणी निळ्या बाटलीत ठेवले तरी त्यात निळेपणा साठत नाही. पाण्याजवळ तो शोषून टिकवून ठेवणारा रेणूच नाही. पण बाटलीत आणि उन्हात एक खरा गुण आहे. गढूळ नसलेले पाणी रंगहीन, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत भरून कडक उन्हात सहा तास आडवे ठेवले की जंबुपार किरण व उष्णता यांमुळे त्यातील बहुतेक रोगजंतू मरतात. आभाळ भरून आले असेल तर दोन दिवस ठेवावे लागते. जेथे पाणी उकळण्याइतके सरपण नाही अशा अनेक देशांत ही रीत वापरात आली. आणि गंमत अशी की बाटली रंगीत घेतली तर हे किरण अडतात व हाच गुण कमी होतो!

चार प्रश्न

आतापर्यंतच्या विवेचनाचे सार चार प्रश्नांत सांगता येईल. कोणताही प्रकाशोपचार पुढे आला की ते विचारावेत.

१. प्रकाश कोणता? तरंगलांबी किती, हे सांगता आले पाहिजे. 'तांबडा' किंवा 'सात्त्विक' हे उत्तर पुरे नाही.

२. तो शोषतो कोण? शरीरातील द्रव्य कोणते, ते कोठे आहे आणि तेथवर प्रकाश पोहोचतो का?

३. मात्रा किती? जास्त झाली तर काय होते? ज्या उपायाची मात्रा जास्त होऊच शकत नाही असे सांगतात, तो बहुधा कमी झाला तरी फरक पडत नाही.

४. गुण मोजला कशाने, आणि उपाय न केलेल्या तशाच रोग्यांशी तुलना केली का?

नवजात कावीळ, मुडदूस, सोरायसिस व कोड, हिवाळी उदासी या चाचणीत उतरतात. कर्करोगाच्या उपचारात तोंड येते तेव्हा ठरावीक मात्रेचा तांबडा किंवा अवरक्त प्रकाश दिल्याने त्रास कमी होतो, हेही आता तज्ज्ञांच्या शिफारशीत आले आहे. त्याच तांबड्या दिव्याने टक्कल, गुडघे आणि मधुमेह सारेच बरे होतील असे जेव्हा जाहिरात सांगते, तेव्हा खऱ्याच्या ओळखीवर खोट्याने उधारी मागितलेली असते. प्रकाशचिकित्सा पर्यायी की रूढ, हा वाद त्यामुळे फारसा महत्त्वाचा उरत नाही. सिद्ध झालेला प्रकाशोपचार केव्हाच रुग्णालयात दाखल झाला आहे, आणि तोही औषधासारखाच तोलून-मापून द्यावा लागतो.

आपल्यापैकी अनेकजण घरातील पहिले पदवीधर आहेत. घरातील वडीलधारी माणसे औषधाची चिठ्ठी आणि जाहिरातीचा कागद दोन्ही आपल्याकडेच वाचायला देतात. त्यांना उडवून लावणे सोपे आहे, समजावून सांगणे कठीण. त्यासाठी एक सूचना करावीशी वाटते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत वर्णपटमापक आहे, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्याची सोय आहे. शास्त्र मंडळाने येत्या सत्रात एक निळी, एक तांबडी व एक रंगहीन बाटली घ्यावी. प्रत्येकीतून कोणता प्रकाश किती जातो ते मोजावे. विहिरीचे पाणी भरून तिन्ही उन्हात व एक रंगहीन बाटली झाकून ठेवावी, आणि संध्याकाळी जंतूंची मोजदाद करावी. डाउन्स व ब्लंट यांच्या प्रयोगाला दीडशे वर्षे होत आली तरी तो शिळा झालेला नाही. मिळालेले आकडे मराठीत व कानडीत लिहून सूचनाफलकावर लावावेत. घरी नेऊन वाचून दाखवता येतील इतके ते सोपे असावेत.